आधी चोक, मग वर्ग, मग सही: रॅम्पवर नवा सुरक्षितता नियम लागू करण्याची रीत

विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करून त्यांची कामं करतात त्या पटांगणावर, परिपत्रक येतं. ड्यूटी मॅनेजर त्याची प्रत नोटीस बोर्डावर टाचतो, खाली सह्यांचा तक्ता जोडतो, तीन दिवसांत सगळ्या सह्या होतात आणि फाइल बंद. महिन्याभराने ऑडिटर येतो. तो मॅनेजरला काहीच विचारत नाही. बॅगा चढवणाऱ्या पोराला बाजूला घेतो आणि विचारतो, "या लाल रेषेच्या आत तू कधी जातोस?" पोरगा म्हणतो, "विमान थांबलं की." तक्त्यात त्याची सही असते, तीही सुवाच्य.

हा लेख त्या पोरासाठी नाही. शिफ्ट इनचार्ज, रॅम्प सुपरवायझर, स्टेशनवरचा ट्रेनर किंवा छोट्या एजन्सीत 'सेफ्टीचं तूच बघ' म्हणून ज्याच्या गळ्यात काम पडलं आहे, त्याच्यासाठी आहे. नियम वाईट नसतात, माणसंही आळशी नसतात. चुकतो तो क्रम. आपण प्रशिक्षणाने सुरुवात करतो आणि सामान शेवटी मागवतो. करायचं बरोबर उलटं.

उदाहरण शेवटपर्यंत एकच धरू. समजा, नवा नियम असा आहे: इंजिनं बंद, बीकन (विमानाचा फिरता लाल दिवा) बंद, चोक (चाकांना लावायचे ठोकळे) लागलेले आणि इनचार्जचा अंगठा वर, या चारही गोष्टी झाल्याशिवाय एकही गाडी विमानाभोवतीच्या लाल रेषेच्या आत जाणार नाही. रेषेवर पूर्ण थांबायचं, ब्रेक तपासायचा, मग चालण्याच्या वेगाने आत.

एक गोष्ट आधीच. आपल्याकडे 'सुरक्षा' हा शब्द दोन कामांना वापरतात. बॅगेत काय आहे, पास कुणाकडे आहे, ही सिक्युरिटी. ती बीसीएएस या विमान सुरक्षा संस्थेच्या अखत्यारीत. विमान आणि माणूस धडधाकट राहणं ही सेफ्टी, ती डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या. इथे दुसरीबद्दल बोलतो आहे आणि तिला 'सुरक्षितता' म्हणतो. फाइलीही वेगळ्या ठेवा. एकाच फाइलीत दोन्ही कोंबलेल्या पाहिल्या आहेत, आणि हवा तो कागद हव्या त्या वेळी सापडत नाही.

## टप्पा १: कागद कुणाचा, लागू कुणाला, कधीपासून

रॅम्पवर नियम चार वाटांनी येतो: डीजीसीएकडून, बीसीएएसकडून, विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडून किंवा प्राधिकरणाकडून, आणि ज्या एअरलाइनचं विमान तुम्ही हाताळता तिच्याकडून. पुण्यात लोहगावला हवाई दल आहे, दाबोळीला नौदल; तिथे पाचवी वाट धरा. गोव्यातल्या गोव्यात मोपाहून दाबोळीला बदली झालेल्या माणसाने मोपाची सवय तशीच नेली तर पहिल्याच आठवड्यात अडतो.

आयाटा या एअरलाइन्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची विमानाच्या जमिनीवरच्या कामांची (ग्राउंड हँडलिंगची) दोन पुस्तकं, आयजीओएम आणि एएचएम, यांची नवी आवृत्ती दरवर्षी १ जानेवारीपासून लागू होते. इथे हमखास गोंधळ होतो. आयजीओएम बदललं म्हणजे तुमचं काम आपोआप बदललं, असं नाही. एअरलाइन ते तिच्या मॅन्युअलमध्ये घेते, काही ठिकाणी स्वतःचे फरक लावते, आणि तुम्हाला बांधून ठेवतं ते एअरलाइनचं मॅन्युअल. पाच एअरलाइन्स हाताळत असाल तर कोन (इशाऱ्याचे शंकू) कुठे आणि किती लावायचे, याची पाच उत्तरं असू शकतात. शक्य तिथे सगळ्यात कडक उत्तर सगळ्यांना लावा. दोन मॅन्युअल एकमेकांच्या विरुद्धच बोलत असतील, तर एअरलाइनप्रमाणे वेगळं कार्ड करा आणि तो विरोध दोन्ही एअरलाइन्सना लेखी कळवा.

मूळ इंग्रजी वाचताना तीन शब्दांवर पेन्सिल फिरवा. 'शॅल' म्हणजे करायचंच. 'शुड' म्हणजे करावं. नाही केलं तर कारण लिहून ठेवावं. 'मे' म्हणजे परवानगी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मराठी-हिंदी सारांशात हे तिन्ही 'करावे' होऊन येतात आणि नियमाचा कणाच जातो.

मग एका ओळीची नोंद करा: परिपत्रक क्रमांक, आवृत्ती, कुणी काढलं, लागू तारीख, आपल्यापैकी कुणाला लागू, जबाबदार कोण. जबाबदार म्हणून माणसाचं नाव लिहा. 'ऑपरेशन्स विभाग' हे नाव नव्हे.

तपासा: हातात पूर्ण कागद आहे, की कुणीतरी पाठवलेला पान तीनचा फोटो? जोडपत्रांसकट पूर्ण प्रत येईपर्यंत पुढे जाऊ नका.

इशारा: लागू होण्याची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) दिली असेल, तर शून्य वाजता म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. तोवर रात्रपाळी चालू असते, म्हणजे एकाच शिफ्टमध्ये दोन नियम. हे आत्ताच टिपून ठेवा, टप्पा ८ मध्ये लागेल.

युरोपात काम करणाऱ्या मराठी वाचकांसाठी, कारण फ्रँकफर्ट-डब्लिनहून असे प्रश्न येतात: तिथे ग्राउंड हँडलिंगसाठी युरोपीय संघाचे वेगळे नियम झाले आहेत, २०२५/२० आणि २०२५/२३. ते २७ मार्च २०२८ पासून लागू होतील. एजन्सीला सक्षम अधिकाऱ्याकडे स्वतःचं घोषणापत्र द्यावं लागेल, सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम दाखवावी लागेल, प्रशिक्षणाचा आणि उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम दाखवावा लागेल. तारीख लांब वाटते. पण देखभालीच्या नोंदी मागच्या तारखेने तयार करता येत नाहीत. त्या आजपासून नीट ठेवल्या तरच तेव्हा दाखवायला असतील. बाकी टप्पे तिथेही हेच.

## टप्पा २: आधी रॅम्पवर उभं राहा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथेच.

नियम वाचून झाला की कुणालाही काही न शिकवता, कुणालाही न ओरडता, नुसतं बघायचं. निदान तीन टर्नअराउंड (विमान येऊन परत निघेपर्यंतचं सगळं काम): एक दिवसाचं, एक रात्रीचं, एक पावसातलं. मुंबईला असाल तर रात्री दोन ते चारमधलं बघाच. आंतरराष्ट्रीय विमानांची गर्दी तेव्हाच असते आणि माणसं तेव्हाच पेंगुळलेली असतात. कशासाठी आला आहात ते सांगा, लपूनछपून बघू नका. पहिल्या विमानाला सगळे शहाण्यासारखे वागतील. तिसऱ्यापर्यंत तुम्ही तिथे आहात, हे विसरतात.

कागदावर तीन रकाने आखा: नियम काय म्हणतो, आज काय होतं, आणि तसं का होतं. तिसरा रकाना कोरा सोडलात तर पहिल्या दोघांचा उपयोग नाही.

एका स्टेशनवर आम्ही असंच उभे होतो. विमान थांबलं की चोक लागायच्या आधीच बेल्ट लोडर (बॅगा चढवायची पट्ट्याची गाडी) लाल रेषेच्या आत. दर वेळी. 'ड्रायव्हर ऐकत नाहीत' हा शेरा तयारच होता. तिसऱ्या विमानाला एकाने सहज विचारलं, "दादा, इतकी घाई कशाची?" ड्रायव्हर म्हणाला, "चोक माझ्या गाडीवर आहेत ना." चोक ठेवायला बेवर (विमान उभं राहतं त्या जागेवर) जागाच नव्हती, म्हणून ते बेल्ट लोडरवर टाकून आणले जात. चोक लागायला बेल्ट लोडर आधी आत जाणं भाग होतं. असल्या ठिकाणी शंभर सह्या घेतल्या असत्या तरी नियम पाळला जाणं अशक्य होतं. उपाय निघाला बेच्या तोंडाशी एका लोखंडी स्टँडचा.

बघताना नेमकं टिपायच्या गोष्टी:

- लाल रेषा दिसते का? तेलाच्या डागांत आणि पावसात, रात्रीच्या दिव्यात?
- विमान येण्याआधी गाड्या कुठे उभ्या असतात? रेषेच्या आत असतील तर बाहेर जागा आहे का?
- अंगठा नेमका कोण दाखवतो? तो माणूस सगळ्या ड्रायव्हरना दिसतो का, की विमानाच्या दुसऱ्या बाजूला असतो?
- एपीयू (विमानाला स्वतःची वीज देणारं छोटं इंजिन) नसलेलं विमान आलं की काय होतं? जीपीयू (बाहेरून वीज देणारं यंत्र) जोडेपर्यंत एक इंजिन चालू राहतं. तेव्हा नियम कोण सांभाळतो?
- केटरिंग, इंधन आणि सफाईवाले तुमच्या इनचार्जचा अंगठा बघतात, की स्वतःच्या घड्याळाकडे?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. नियम तुमच्या लोकांना लागला आणि इंधनाचा बाऊझर सरळ आत गेला, तर रेषेला अर्थ काय उरला?

तपासा: तिसऱ्या रकान्यात 'निष्काळजीपणा' किंवा 'सवय' असं किती वेळा लिहिलं आहे? जिथे लिहिलं, तिथे परत जा आणि विचारा. सवय लागायलाही काहीतरी कारण घडलेलं असतं.

## टप्पा ३: नव्या नियमाने आणलेला नवा धोका

नियम एक धोका घालवतो आणि बहुधा दुसरा कुठेतरी सरकवतो. आपल्या उदाहरणात सगळ्या गाड्या आता रेषेबाहेर थांबणार. बाहेर म्हणजे कुठे? बे लहान असेल तर त्या सर्व्हिस रोडवर येतील, आणि शेजारच्या बेवर जाणाऱ्या बॅगांच्या ट्रॉल्या त्यांच्याभोवतीने वळसा घालतील. दुसरं: टर्नअराउंडच्या सुरुवातीला दोन मिनिटं गेली तर ती भरून काढायची घाई शेवटी होते, म्हणजे पुशबॅकच्या (विमान मागे ढकलून बाहेर काढण्याच्या) वेळी. सगळ्यात जास्त धोका असतो तोही तेव्हाच. १६ डिसेंबर २०१५ ला मुंबईत पुशबॅकच्याच वेळी एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन गेला.

धोका मोजायला आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेच्या सेफ्टी मॅन्युअलमधला पाच-पाचचा तक्ता पुरतो: शक्यता १ ते ५, परिणाम ए ते ई. ए म्हणजे सर्वनाश, ई म्हणजे नगण्य. नियमाआधी किती आणि नियमानंतर किती, दोन्ही आकडे लिहा. काही धोक्यांचा आकडा वाढलेला दिसला तर दचकू नका, तो शोधण्यासाठीच तक्ता भरतो आहोत.

नेहमीची चूक: तक्ता ऑफिसात बसून एकट्याने भरणं. एक ड्रायव्हर, एक लोडर आणि एक हेडसेट घालणारा (कॉकपिटशी बोलणारा) टेबलाशी बसवा. अर्धा तास लागतो.

## टप्पा ४: सामान आणि परवानग्या, कारण यांनाच वेळ लागतो

आता यादी. चोकचे किती जोड लागतील, कोन किती, स्टँड किती, रात्रीच्या वाँड्स (इशाऱ्याच्या दिव्याच्या कांड्या) चालतात का, बेल्ट लोडरचे रबरी बंपर फाटलेत का. हे सगळं मोजायला एक दिवस पुरतो. यायला आठवडे जातात.

लाल रेषा रंगवणं तुमचं काम नाही, विमानतळ चालकाचं आहे. त्याला पत्र द्या, बेचे क्रमांक आणि फोटो जोडा. फोटोची परवानगी आधी घ्या, लोहगाव-दाबोळीला तर आधी घ्याच. हे पत्र मे महिन्याच्या आत गेलं पाहिजे. जूनमध्ये ओल्या काँक्रीटवर रंग धरत नाही, आणि 'पावसाळ्यानंतर बघू' म्हणजे दिवाळी.

नवी माणसं लागणार असतील तर एईपीला (विमानतळाच्या प्रवेश पासाला) लागणारा वेळ धरा. पार्श्वभूमीची पडताळणी झाल्याशिवाय पास मिळत नाही आणि तुमच्या लागू तारखेचं तिला काही देणंघेणं नसतं. ड्रायव्हर वाढवायचा असेल तर एअरसाइड ड्रायव्हिंग परमिट वेगळं. नवी मुंबईसारख्या नव्या विमानतळावर सगळ्या एजन्सी एकाच वेळी हीच माणसं आणि हेच पास मागत असतात, तिथे दुप्पट वेळ धरा.

आणि ब्रेक. नियम म्हणतो, रेषेवर ब्रेक तपासा. तपासून ब्रेक ढिला निघाला तर? गाडी बाजूला घ्यायची आणि दुसरी आणायची. दुसरी आहे का? नसेल तर ड्रायव्हर तपासल्यासारखं करेल आणि आत जाईल. त्याला दोष देऊ नका, एक गाडी राखीव ठेवा.

तपासा: सामान स्टेशनवर आलं का? 'ऑर्डर दिली आहे' म्हणजे आलं नव्हे. ते हातात आल्याशिवाय टप्पा ६ ची तारीख ठरवू नका. लाकडी ठोकळे दाखवून "असेच रबरी येणार आहेत" असं शिकवलेला वर्ग मी पाहिला आहे. रबरी आले तोवर पोरं शिकलेलं विसरली होती.

## टप्पा ५: एका पानाचं कार्ड

एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) इंग्रजीत असेल आणि मॅन्युअलमध्ये राहील. वाद झाला तर तीच खरी धरायची. रॅम्पवर मात्र खिशात मावणारं एक पान लागतं, ज्या भाषेत लोक बोलतात त्या भाषेत. आपल्याकडे मराठी आणि हिंदी, दोन बाजूंना दोन.

वाईट कार्ड असं असतं: 'सर्व संबंधित कर्मचाऱ्यांनी योग्य ती दक्षता घेऊन उपकरणे विमानाच्या सान्निध्यात आणावीत.' यात कोणी, कधी, काय करायचं, यातलं काहीच नाही. 'योग्य ती' म्हणजे किती?

कामाचं कार्ड असं:

१. बीकन फिरतोय तोवर गाडी रेषेबाहेर. माणूसही बाहेर.
२. चोक लावणारा एकटाच आधी आत, तोही इंजिन थांबल्यावर आणि बीकन विझल्यावर.
३. इनचार्जचा अंगठा दिसल्यावर गाडी सुरू.
४. रेषेवर पूर्ण थांब. ब्रेक दाबून पाहा.
५. चालण्याच्या वेगाने आत. समोरचं दिसत नसेल तर गाइड हवा. गाइड दिसेनासा झाला की थांब.
६. बंपर विमानाला टेकवायचा नाही.

सहावी ओळ लोकांना पटत नाही, म्हणून तिचं कारण तोंडी सांगा. बॅगा आणि इंधन चढतं तसं विमान खाली बसतं, उतरतं तसं वर उचललं जातं. टेकवलेला बंपर दाराच्या कडेखाली अडकतो आणि पत्रा दुमडतो. चौथीचंही कारण सांगा: ब्रेक लागत नाही, हे विमानापासून लांब असताना कळलेलं बरं. नुसता हुकूम विसरतो, कारण सांगितलं की हात आपोआप थांबतो.

शब्द रॅम्पचेच ठेवा. चोकला 'गतिरोधक ठोकळा' आणि बीकनला 'चेतावणी दीप' लिहिलेलं कार्ड पाहिलं आहे. शुद्ध होतं. कुणालाच कळलं नाही.

कार्डावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख घाला, आणि प्रत्येक टर्नअराउंड टीमला वाचायला द्या. वाचता वाचता जिथे कुणी अडखळलं ती ओळ बदला.

इशारा: जुनी कार्डं, भिंतीवरचे जुने तक्ते, ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर चिकटवलेले स्टिकर, सगळं गोळा करून नष्ट करा, आणि किती नष्ट केले ते लिहून ठेवा. ऑडिटमध्ये सापडतो तो जुना स्टिकर, नव्या कार्डाकडे कुणी बघत नाही.

## टप्पा ६: प्रशिक्षण

आता, आणि आताच.

३१ डिसेंबर २०२२. अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरी विमानतळावर एक छोटं जेट गेटवर आलं. त्याचा एपीयू बंद होता, म्हणून जीपीयू जोडेपर्यंत इंजिनं चालू राहणार होती. हे ग्राउंड क्रूला आधी सांगितलेलं होतं. विमान यायच्या सुमारे दहा मिनिटं आधी ब्रीफिंग झालं, विमान येण्याच्या तोंडावर पुन्हा एकदा सगळ्यांना गोळा करून सांगितलं: इंजिन थांबून बीकन विझेपर्यंत जवळ जायचं नाही, कोन लावायचे नाहीत. तरीही एक कर्मचारी चालू इंजिनाजवळ गेली आणि ओढली गेली. ब्रीफिंग दोनदा झालं होतं, बीकन फिरत होता.

वर्गात मी हे नेहमी सांगतो, घाबरवायला नव्हे. सांगणं आणि हाताला वळण लागणं यांत किती अंतर असतं, ते यातून कळतं. कोन हातात असला की पाय कोनाच्या जागेकडे निघतात. म्हणून प्रशिक्षणाचा मुख्य भाग खोलीत होत नाही.

असं करा. सहा-सहाचे गट. खोलीत वीस मिनिटं: नियम काय, का, कार्ड. मग रिकाम्या बेवर चाळीस मिनिटं, खऱ्या गाडीने, खऱ्या चोकने. प्रत्येकाने करून दाखवायचं. मधेच तुम्ही अडचण घाला: "बीकन अजून फिरतोय", "गाइड दिसेना", "ब्रेक लागत नाही", "कॅप्टन हात हलवून बोलावतोय". शेवटची अडचण महत्त्वाची. कॉकपिटमधून कुणी बोलावलं की आपला माणूस रेषा विसरतो, मोठ्या माणसाने बोलावलं म्हणून.

प्रश्न असा विचारू नका: "समजलं का?" सगळे हो म्हणतात. असं म्हणा: "आता तू मला शिकव." किंवा नियमाचं उलटं करून दाखवा आणि गटाला चूक पकडायला सांगा. तरुण पोरांना हा खेळ आवडतो, आणि जुन्या लोडरचा मानही राहतो. पंचवीस वर्षं रॅम्पवर काढलेल्या काकांना पंचविशीतल्या ट्रेनरने सगळ्यांसमोर प्रश्न विचारून अडवलं, तर काका उद्यापासून त्या नियमाचे शत्रू होतात. त्यांना आधी वेगळं दाखवा आणि वर्गात त्यांच्याकडूनच करून घ्या.

करून दाखवलं की तिथेच, त्याच वेळी सही. सही आता घ्यायची, आणि ती 'वाचले' याची नव्हे, 'करून दाखवले' याची. खाली ज्याने पाहिलं त्याचीही.

कोण राहिलं ती यादी वेगळी काढा. रजेवरचे, कायम रात्रपाळीचे, रिलीव्हर, ठेकेदाराची माणसं, दुसऱ्या स्टेशनहून आठवड्यासाठी आलेले. दुर्घटना बहुतेकदा याच यादीतल्या कुणाच्या वाट्याला येते.

तपासा: यादीतली शेवटची दहा माणसं होईपर्यंत लागू तारखेची घोषणा करू नका. तारीख वरून ठरलेली असेल, तर राहिलेल्यांना त्या दिवशी रेषेच्या आत काम देऊ नका. बॅगा वर्गीकरणाला लावा.

नेहमीची चूक: केटरिंग, इंधन, सफाई आणि इंजिनिअरिंगवाल्यांना नुसता ईमेल पाठवणं. त्यांच्या इनचार्जना बेवर बोलवा, चहा पाजा, अंगठा कोण दाखवणार ते दाखवा. पंधरा मिनिटांचं काम आहे. ईमेल रेकॉर्डसाठी ठेवा.

## टप्पा ७: एका बेवर आठवडाभर

सगळीकडे एकदम लावू नका. एक बे निवडा, सर्वात सोपा नव्हे, मधलाच. सात दिवस, तिन्ही शिफ्ट. रोज तीनच आकडे टिपा: किती टर्नअराउंड झाले, कितींत चारही अटी पूर्ण होऊन पहिली गाडी आत गेली, आणि पहिल्या गाडीला किती मिनिटं लागली.

वेळ वाढेल. पहिल्या दोन दिवसांत नक्कीच. एअरलाइनच्या स्टेशन मॅनेजरला हे आधी सांगून ठेवा, आणि पहिल्या आठवड्यातल्या चार-पाच मिनिटांच्या विलंबाबद्दल कुणालाही खुलासा विचारला जाणार नाही, हे लेखी घ्या. हा कागद नसेल तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी वॉकीटॉकीवर "चला चला, डिले लागतोय" म्हणतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

काम कोण थांबवू शकतो? उत्तर: रेषेजवळचा कुणीही. कसं थांबवायचं, त्याची खूण ठरवा: दोन्ही हात डोक्यावर फुली. आणि ज्याने थांबवलं त्याला त्या दिवशी कुणी 'का थांबवलंस' असं रागाने विचारणार नाही. खरोखर चुकून थांबवलं असेल तरी.

## टप्पा ८: लागू दिवस

हा टप्पा छोटा आहे, आधीचे सात नीट झाले असतील तर. नियम शिफ्टच्या सुरुवातीला लावा, मध्ये नाही. परिपत्रकातली वेळ शिफ्टच्या मध्ये पडत असेल तर त्याआधीच्या शिफ्टपासून लावा. लवकर लावल्याबद्दल कुणी पकडत नाही.

पहिले तीन दिवस प्रत्येक शिफ्टला एक जण फक्त बघायला ठेवा. त्याच्या हातात दुसरं काम देऊ नका. माणूस कमी पडला की सगळ्यात आधी यालाच उचलतात, म्हणून रोस्टरमध्ये त्याचं नाव ठळक लिहा.

## टप्पा ९: नंतर

आयाटाच्या अभ्यासानुसार विमान उभं असताना होणारं बहुतेक नुकसान मोटार असलेल्या उपकरणांची धडक बसून होतं. बेल्ट लोडर, कार्गो लोडर, प्रवासी जिने आणि एअरोब्रिज हे त्यातले मोठे वाटेकरी. आपला नियम त्याच ठिकाणी बसतो. त्यामुळे पुढचं लक्ष एका गोष्टीवर ठेवा: हलकासा स्पर्शही नोंदवला जातो का?

ड्रायव्हरला वाटतं, खरचटलं तरी नाही, कशाला सांगा. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या विमानावर पोचा निदान दिसायचा. ड्रीमलायनरसारख्या विमानाचं अंग कंपोझिटचं (धाग्यांचे थर चिकटवून केलेलं) असतं. बाहेर काहीच न दिसता आत थर सुटलेले असू शकतात. म्हणून दिसो वा न दिसो, टेकलं की सांगायचं, विमान निघायच्या आधी, आणि बघायचं काम इंजिनिअरचं. हे टप्पा ६ च्या वर्गात सांगितलं नसेल तर आता प्रत्येक ब्रीफिंगमध्ये सांगा.

जो सांगेल त्याला काय होतं, ते सगळे बघत असतात. पहिल्याने सांगितलं आणि त्याचा पास काढून घेतला, तर दुसरा कधीच सांगणार नाही. मुद्दाम नियम मोडणं वेगळं, दारू पिऊन येणं वेगळं, आणि ओल्या काँक्रीटवर गाडी हातभर पुढे सरकणं वेगळं. या तिघांना एकच शिक्षा असेल तर तिसऱ्याची नोंद तुम्हाला कधीच मिळणार नाही.

तिसाव्या दिवशी आणि नव्वदाव्या दिवशी टप्पा २ चा कागद घेऊन पुन्हा उभं राहा. तेच बे, तीच वेळ, तेच तीन रकाने. नव्वदाव्या दिवशी काय सापडतं, ते सांगतो: चोकचे स्टँड जागेवर असतात, पण एखाद्यावर कुणीतरी झाडू आणि बादली ठेवलेली असते आणि चोक पुन्हा बेल्ट लोडरवर गेलेले असतात. बादलीला दुसरी जागा द्या. मग ड्रायव्हरशी बोला.